दिवाळी आणि नाताळला हाताने शिवलेल्या गोधड्या द्यायच्या आहेत – नक्षी, कापड, पद्धत कशी ठरवू?

केशर

नमस्कार मंडळी. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि या वेळी घरच्यांना विकतचं काही न देता गोधड्या शिवून द्यायच्या असं ठरवलंय. गणपती विसर्जन झालं की लगेच सुरुवात करणार. एक डबलबेडची भाऊ-वहिनीला, त्यांची लग्नानंतरची पहिलीच दिवाळी आहे. एक दुपटं भाच्याला, तो सहा महिन्यांचा आहे. एक साताऱ्याच्या आत्याला, तिचं वय ७८, गुडघे धरतात आणि थंडी अजिबात सोसत नाही. आणि एक शिकागोच्या मामेबहिणीला, ती नाताळपर्यंत पोचली तरी चालेल.

कापड म्हणाल तर आईच्या जुन्या सुती सहावारी भरपूर आहेत, त्यात दोन इरकली, शिवाय बाबांचे बरेच शर्ट आणि लाल खणाचा एक तुकडा. मशीन उषाचं पायाचं, सरळ टीप छान येते. मी कोथरूडला राहते, सामानासाठी पेठेत जायची तयारी आहे.

अडकलेय ती नक्षीपाशी. लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या फेऱ्या), नाईन पॅच (नऊ छोटे चौकोन जोडून एक मोठा), ताऱ्यांचे ब्लॉक (म्हणजे नक्षीचे वेगवेगळे शिवून मग जोडायचे चौकोन), फ्लाइंग गीज (त्रिकोणांच्या रांगा), कवंडी (सिद्दी बायकांची गोधडी), सगळंच बघून ठेवलंय आणि सगळंच आवडतंय. कोणाला काय शोभेल, हाताने शिवू की मशीनवर, आत काय घालू? वेळ फक्त संध्याकाळचा आणि रविवारचा आहे हे लक्षात घेऊन सांगा प्लीज.

पेठेतली

किती छान धागा! दोरा, सुया, अंगुस्तान, लेस हे सगळं तुळशीबागेत मिळेल, अस्तरासाठी ताग्यातलं कापड हवं असेल तर रविवार पेठेत कापडगंजात बघ. गर्दी सुरू व्हायच्या आधी जा, दसऱ्यानंतर तिकडे पाय ठेवायला जागा नसते.

सुईदोरा

केशर, नक्षी सगळ्यात शेवटी ठरव असं मी म्हणेन. आधी ती गोधडी त्या घरात कशी वापरली जाणार ते डोळ्यासमोर आण, रोज धुतली जाणार का, कोण धुणार, अंगावर घेणार की पायावर. मग तुझ्याकडचं कापड बघ. या दोन गोष्टी कळल्या की निम्म्या नक्ष्या आपोआप बाद होतात आणि ज्या उरतात त्या जमणाऱ्या असतात.

भाच्याचं दुपटं रोज धुतलं जाणार. म्हणून तिथे ताऱ्याबिऱ्याचा नादच नको, जितके जोड जास्त तितक्या आत शिवणी जास्त आणि तितकं ते टोचणार. आईची सगळ्यात मऊ, धुऊन धुऊन विरविरीत होत आलेली (पण फाटायला न आलेली) साडी घे, ३६ बाय ३६ इंचाचे तीन थर कर, आणि हाताने बारीक धावदोरा घाल. टाके छोटेच हवेत, लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. बटणं, गोंडे, टिकल्या काही नको. आणि एक सांगून ठेवते, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा हे दुपटं जागेपणी खाली अंथरून खेळायला आहे हे देतानाच सांग.

आत्याची गोधडी हलकी हवी. वयस्कर माणसाला जड गोधडी पायावर नको होते आणि ती वाळत घालणं तर त्याहून नको होतं. ४० बाय ६० पुरे. ती खुर्चीत बसून पायावर घेणार असेल तर खाली लोळेल इतकी मोठी करूच नकोस, पायात येऊन माणूस पडतं.

कापडाबद्दल. जुनी साडी घेतलीस की आधी उजेडासमोर धर. निऱ्यांचा भाग, बसायचा भाग आणि फॉलजवळची कड सगळ्यात आधी विरते, तिथून प्रकाश आरपार येतो. मग दोन्ही हातांत पकडून उभं ओढ, आडवं ओढ. नुसतं ताणलं तर चांगलं, चर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग वर घेऊ नकोस, आतल्या थरात घाल. आतल्या थरात विरलेलं कापडसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं कारण त्याला दोन्ही बाजूंनी आधार असतो आणि टाके त्याला धरून ठेवतात.

मिहिर_सिंहगडरोड

मी गोधड्या शिवतो, थोडं मोजमाप सांगतो म्हणजे केशरला कापताना सोपं जाईल. सहावारी साधारण साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच आणि पन्हा ४५ च्या आसपास. मधोमध कापली की १०८ इंचांचे दोन तुकडे होतात, ते बाजूबाजूने जोडले की जवळजवळ ९० बाय १०८ चा एक अख्खा थर मिळतो. म्हणजे डबलबेडच्या गोधडीला एका थराला एक साडी. खालच्या आणि मधल्या थराला दोन साड्या गेल्या, वरच्या नक्षीला जे लागेल ते वेगळं.

आता लॉग केबिनचं. बरेच जण फोटो बघून उडी मारतात. मधला चौकोन अडीच इंच कापला, पट्ट्या दोन इंची कापल्या, सगळीकडे पाव इंच शिवणीत गेलं, तर तीन फेऱ्यांनंतर ब्लॉक ११ इंचांचा होतो. ८८ बाय ९९ ची गोधडी हवी तर असे ७२ ब्लॉक लागतात आणि एका ब्लॉकला १२ पट्ट्या, म्हणजे ८६४ पट्ट्या कापायच्या, शिवायच्या आणि प्रत्येक जोडाला इस्त्री करायची. फक्त संध्याकाळ हातात असेल आणि आणखी तीन गोधड्या असतील तर हे दिवाळीपर्यंत होणार नाही, स्पष्ट सांगतो.

रानजाई

मिहिर, आकडे बरोबर आहेत पण मला असं वाटतं की भेट द्यायची तर जरा नक्षीदार हवीच की. साध्या चौकोनांची गोधडी तर भीमथडी जत्रेत पण मिळते. लग्नानंतरची पहिली दिवाळी आहे, वहिनीला उघडल्यावर कौतुक वाटलं पाहिजे. आणि मशीन असताना हातशिलाईचा अट्टहास का? मशीनची टीप पक्की असते, वॉशिंग मशीनमध्ये टाकली तरी उसवत नाही.

सुईदोरा

रानजाई, कौतुक वाटलं पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण नक्षी म्हणजे बारीक तुकडे असं नाही ना. केशर, तुझ्यासाठी एक सुचवते. ७२ छोट्या लॉग केबिनऐवजी अख्ख्या गोधडीची एकच मोठी लॉग केबिन कर. मधोमध १२ इंची चौकोन, भोवती ४ इंच दिसतील अशा पट्ट्या (साडेचार इंची कापायच्या). एका फेरीत गोधडी ८ इंचांनी वाढते, दहा फेऱ्यांत ९२ बाय ९२ होते, मग उशाला आणि पायथ्याला दोन दोन पट्ट्या वाढवल्या की ९२ बाय १०८. सगळ्या मिळून ४४ पट्ट्या. साडीच्या लांबीत कापल्यास तर एकाही पट्टीला मध्ये जोड लागणार नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या अशा गोधड्या शिवत आल्या आहेत, या मोठ्या चौकोनांच्या नक्षीला त्या हाऊसटॉप म्हणतात. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ मध्ये त्या गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली. शोधून फोटो बघ. पट्ट्या अगदी सरळ नाहीत, रुंदी कमीजास्त आहे, आणि तरी नजर हटत नाही. रंग कुठे थांबवायचा आणि कुठे अचानक दुसरा आणायचा हे त्या बायकांना जे कळलंय ते बघून मला दर वेळी नव्याने शिकायला मिळतं.

आणि आपल्याला ही नक्षी का जवळची, तर आपला गोधडीचा धावदोरा पण असाच जातो. कडेपासून सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत आत यायचं. वरच्या पट्ट्यांचा चौकोन आणि टाक्यांचा चौकोन एकमेकांवरून जातात, वेगळी आखणी करावी लागत नाही. मधल्या चौकोनात तुझा लाल खण ठेव. लॉग केबिनमध्ये मधला चौकोन लाल ठेवायची तिकडे जुनी रीत आहे, घरातली चूल म्हणून. भोवती इरकलीचे काठ. काठ कापून फेकू नकोस गं, पहिल्या दोन फेऱ्यांना काठच लाव.

मशीन की हात, तर दोन्ही. पट्ट्या जोडायला मशीन, थर एकत्र करायला हात. उषाच्या मशीनच्या गळ्यातून डबलबेडची गुंडाळी सरकवणं खूप त्रासाचं आहे आणि वरचा थर सरकून चुण्या पडतात. आत्याची मात्र मशीनवर सहज होईल.

चिंधी

मला एक शंका आहे, राग मानू नका. नव्या वहिनीला जुन्या साड्यांची गोधडी दिलेली तिच्या माहेरी चालेल का? आमच्याकडे "दिवाळीला जुनं दिलं" असं बोलतात लोक.

आजोळची

चिंधी, शंका योग्यच आहे. यावर एक करता येतं, खालचा थर कोरं कापड घ्यायचं. पाठ कोरी, वरची बाजू जुन्या साड्यांची. आणि केशर, शक्य असेल तर वहिनीच्या आईकडून त्यांची एक नेसलेली साडी मागून घे, गुपचूप. दोन्ही आयांच्या साड्या एका गोधडीत आल्या की कोणाच्या तोंडून जुनं-नवं निघणार नाही, उलट सगळ्या बायका ती गोधडी उलगडून कुठली पट्टी कोणाची ते बघत बसतील. माझ्या लग्नात मला अशीच मिळाली आहे, अजून रोज अंगावर घेते.

केशर

आजोळची, हे वाचून अंगावर काटा आला. काकूंना आजच फोन करते! वहिनीला कळू न देता कसं मागायचं तेवढं बघते.

एक विचारायचं राहिलं, साड्यांचा रंग जातो का ते आधी कसं कळणार? इरकली गडद आहेत. आई म्हणते मीठ आणि तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेव, रंग पक्का होतो.

मिहिर_सिंहगडरोड

बाजारात रंगवून आलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. मीठ रंगवण्याच्या वेळी काही प्रकारच्या रंगांना धाग्यात शिरायला मदत करतं, आणि तुरटी वनस्पतीच्या रंगांना रंगवतानाच लागते. एकदा तयार झालेल्या साडीला नंतर घालून उपयोग नाही. त्याऐवजी पांढरा ओला फडका कापडावर दाबून त्यावर गरम इस्त्री फिरव. फडक्याला रंग लागला तर ती साडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळी धू, तरी सुटत असेल तर फिक्या रंगाच्या शेजारी लावू नकोस. आईची वर्षानुवर्षं धुतलेली सुती असेल तर बहुतेक काही होणार नाही. खणाचा मात्र विश्वास धरू नको, त्याची चाचणी कर आणि कडा पण सुटतात त्याच्या, म्हणून शिवणीला अर्धा इंच ठेव. पाठीमागे जुन्या मलमलचा तुकडा लावून घेतलास तर अजून बरं.

बाबांचे शर्ट बघ, त्यातले किती सुती नि किती टेरिकॉट. शिवणीच्या आतून दोन धागे काढून जाळ. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. दोन्ही मिसळलेलं असेल तर थोडी राख थोडी गाठ. टेरिकॉट बाद नाही करायचं पण सुताशेजारी शिवलं तर इस्त्रीची उष्णता त्यालाच सोसेल तेवढीच ठेवावी लागते.

हुबळीवाली

कवंडीचा उल्लेख दिसला म्हणून लिहितेय. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका शिवतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आपल्याकडे आधी वरचा थर तयार करायचा आणि मग गोधडी शिवायची अशी दोन कामं होतात, कवंडीत ते एकच काम. खाली साडी अंथरायची, कोपऱ्यापासून सुरुवात, एक तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोऱ्याने खालच्या साडीसकट शिवत जायचं, पुढचा तुकडा मागच्याच्या कडेवर थोडा चढवायचा, असं भोवती भोवती फिरत मध्यावर संपवायचं. आखणी नाही, मोजमाप नाही. चार कोपऱ्यांना कापडाच्या चौकोनी घड्या एकावर एक ठेवून फुलं लावतात, त्याशिवाय गोधडी पूर्ण मानत नाहीत.

केशरच्या आत्यासाठी हे फार योग्य आहे. आत वेगळं काही घालत नाहीत म्हणून हलकी राहते, आणि बाबांचे शर्ट तुकड्या-तुकड्याने संपतात. आत्या म्हणजे बाबांची बहीणच ना? मग त्यांचे शर्टच हवेत तिच्या गोधडीत. खिसे काढू नकोस, एखादा खिसा तसाच शीव, चष्मा-रुमाल ठेवायला होईल.

केशर

हुबळीवाली, हो, बाबांची मोठी बहीण. खिशाचं कसं सुचलं तुम्हाला! बाबांच्या खिशात नेहमी पेन असायचं आणि निळ्या शर्टाच्या खिशाला अजून शाईचा डाग आहे, तोच लावते. आत्याची कवंडी पक्की, हातानेच शिवणार.

आता शिकागो राहिलं. तिच्याकडे वॉशिंग मशीन आणि ड्रायर दोन्ही, आणि ती हाताने काही धुणार नाही हे नक्की.

रानजाई

शिकागोची मशीनवर कर. आता तू ऐकशीलच, तिथे माझं म्हणणं बरोबर ठरतं! नाईन पॅच घे. अडीच इंची चौकोन कापायचे, नऊ जोडले की शिवून ६ इंचांचा ब्लॉक. दोन ब्लॉकच्या मध्ये ६ इंच दिसेल असा साडीचा अख्खा चौकोन टाकत गेलीस तर काम निम्मं होतं आणि साडीची नक्षी पण दिसते. ५४ बाय ६६ ला ९ गुणिले ११ म्हणजे ९९ चौकोन, त्यातले ५० नाईन पॅच, ४९ साधे. आत पातळ वॅडिंग (मधे घालायचा मऊ, फुगीर थर) घाल, तिकडे घरात हीटिंग असतंच, सोफ्यावर घ्यायला पुरेल. टीप तिरकी मार, कर्णाच्या दिशेने, चौकोनाच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे आखणीची गरज नाही.

सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन घे म्हणजे मग ड्रायरमध्ये आटणार नाही. जुन्या साड्या बहुतेक आटून झालेल्या असतात पण नवीन अस्तर आटतं आणि मग कड ओढली जाते. खण यात नको.

सुईदोरा

रानजाईचं अगदी बरोबर, ड्रायरमध्ये जाणारी गोधडी मशीनवरच शिवावी. एकच जोडते. इस्त्री फिरवली की जाणारं पेन असतं ना आखायला, ते शिकागोच्या गोधडीला वापरू नकोस. त्याची शाई जात नाही, उष्णतेने फक्त रंगहीन होते आणि उणे दहाच्या खाली गेलं की परत दिसायला लागते. शिकागोत हिवाळ्यात तेवढी थंडी पडते, पार्सल बाहेर किंवा गाडीत राहिलं तर सगळ्या रेषा उठून येतील. अंगाच्या साबणाची वापरून पातळ झालेली वडी घे, पहिल्या धुण्यात निघून जाते. गडद कापडावर तर ती फार छान उमटते.

पेठेतली

साबणाची वडी! माझी आजी हेच वापरायची. आणि पार्सल नाताळला पोचायचं असेल तर शिकागोची सगळ्यात आधी शिवायला घे गं, दिवाळीत कुरियरवाल्यांकडे फराळाच्या डब्यांचीच रांग असते. पाठवायच्या आधी घट्ट गुंडाळून वजन कर.

चिंधी

मला संक्रांतीला लेकीसाठी काळ्या चंद्रकळेची करायची आहे, त्यासाठी वेगळा धागा काढते. पण गोटाचे (कडेला लावायच्या पट्टीचे) कोपरे कसे करायचे ते इथेच सांगा कोणीतरी, माझे नेहमी गोल होतात.

सुईदोरा

चिंधी, सांगते, केशरला पण लागेलच. गोटाची पट्टी अडीच इंची, सरळ धाग्यात कापलेली. उरेब (तिरकी कापलेली) पट्टी फक्त गोल कडेला लागते, सरळ कडेला नाही. लांबीत मधोमध दुमडून इस्त्री कर. तिच्या दोन मोकळ्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून वरच्या बाजूने पाव इंचावर टीप मारत ये. कोपरा आला की शेवटच्या पाव इंच आधी थांब, सुई वर घे, दोरा तोड. आता पट्टी सरळ वर, गोधडीपासून लांब दुमड, तिथे तिरकी घडी पडेल, ती बोटाने दाबून धर. मग पट्टी परत खाली आण, म्हणजे वरची घडी बरोबर गोधडीच्या कडेला येईल, आणि नवीन बाजूला अगदी कडेपासून टीप सुरू कर. कोपऱ्यावर पट्टीचं एक छोटं त्रिकोणी कान उभं राहतं, ते शिवून टाकायचं नाही. गोट मागे वळवताना ते कान आपोआप बसतं आणि दोन्ही बाजूंना तिरकी रेघ येते. मागून हाताने हेमिंग कर, मशीनच्या टिपेची रेघ झाकली जाईल इतका गोट आत घे.

केशर, वहिनीच्या गोधडीचा घेर ४०० इंच होतो, साडीच्या लांबीत कापलेल्या दोन पट्ट्यांत भागेल, कोपऱ्यांना आणि जोडाला थोडं उरेल सुद्धा. जोड तिरका घे, सरळ जोड एका जागी जाड होतो.

केशर

मंडळी, सगळं वहीत उतरवून घेतलंय. आधी शिकागोची नाईन पॅच मशीनवर, मग वहिनीच्या पट्ट्या जोडून घेते आणि धावदोरा रोज रात्री थोडा थोडा, त्यात आई पण बसणार आहे म्हणाली, आत्याची कवंडी बसमध्ये-ऑफिसात फावल्या वेळात नेता येईल इतकी छोटी आहे तोवर नेते, दुपटं शेवटी. आणि काकूंशी बोलणं झालं, त्या मोरपंखी सुती साडी देतायत, वहिनीच्या बारशाला नेसलेली. उजेडात धरून बघितली, निऱ्यांपाशी विरलीये पण पदर आणि काठ धडधाकट आहेत. काठ पहिल्या फेरीला, खणाच्या लगेच भोवती लावते.

या रविवारी सकाळी अकराला तुळशीबागेत दोरा आणि सुया घ्यायला जातेय, कोणी येणार असेल तर सांगा.

पेठेतली

मी येते. पांढरा दोरा जास्त घे, तो सगळ्यात आधी संपतो.